नाकामागचं पोट, वॉलेसमागचा अली

बोर्निओची सहल करून आलेल्या एका वाचकांनी फोटो पाठवून विचारलंय, ‘या माकडाला एवढं मोठं नाक कशासाठी?’ फोटो मलेशियातल्या सारवाक राज्याच्या बाको राष्ट्रीय उद्यानातला. प्रोबोसिस जातीचा नर खारफुटीच्या फांदीवर ठाण मांडून बसलाय आणि त्याचं नाक थेट तोंडावरून खाली लोंबतंय.

नाकाचं उत्तर २०१८ साली बऱ्यापैकी मिळालं. हिरोकी कोदा, इक्की मात्सुदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असं आढळलं, की ज्या नराचं नाक मोठं त्याचं शरीरही मोठं, वृषणं मोठी आणि पदरी माद्याही जास्त. मोठ्या नाकातून आवाज खर्जात निघतो. दाट झाडीत नर दिसण्याआधी ऐकू येतो, तेव्हा अशा जाहिरातीचा उपयोग उघड आहे. नाकाबद्दल एवढं पुरे. खरी गंमत पोटात आहे.

ज्यांनी गोबरगॅसची टाकी सांभाळली आहे, त्यांना हे पोट चटकन कळेल. रोज बेतानं शेणकाला घातला की टाकीतले जंतू वर्षानुवर्षं मुकाट काम करतात. एखाद्या दिवशी पंगतीतलं उरलेलं गोडधोड भसकन ओतलं, तर आंबवणाऱ्या जंतूंना चेव येतो, आम्ल वाढतं आणि टाकी बसते. प्रोबोसिस माकडाच्या जठराचा पुढचा भाग ही अशीच टाकी आहे. तिला पानं, बिया, कच्ची फळं चालतात. पिकलेलं गोड फळ मात्र झपाट्यानं आंबतं, वायू धरतो आणि पोट फुगून जिवावर बेतू शकतं. माकडाला केळं देण्याची हौस असलेल्यांनी हे ध्यानात ठेवावं.

मात्सुदांच्याच गटानं २०११ मध्ये याहून अजब गोष्ट नोंदवली. ही माकडं पोट आत ओढतात, गिळलेलं परत तोंडात आणतात, गाल भरून सावकाश चावतात आणि पुन्हा गिळतात. चक्क रवंथ! रवंथ करणारं माकड विज्ञानाला तोवर ठाऊक नव्हतं. नाकाचा फोटो सगळेच काढतात. गालांची हालचाल टिपायला मात्र दुर्बीण लावून निवांत बसावं लागतं.

१९५७ साली स्थापन झालेलं बाको सारवाकमधलं सर्वांत जुनं राष्ट्रीय उद्यान, आणि क्षेत्रफळ अवघं २७ चौरस किलोमीटर. कुचिंग शहरापासून कम्पुंग बाको गावापर्यंत गाडीरस्ता आहे, पुढे होडी. ओहोटी लागली असेल तर होडी काठापर्यंत येत नाही. पँट दुमडून पाण्यातून चालायचं. कचेरीच्या आसपास लांब शेपटीची माकडं हातातली पिशवी हिसकावतात आणि दाढीवाली रानडुकरं बिनधास्त फिरतात. लिंटांग ही पाच-सहा किलोमीटरांची वळसा घेणारी पायवाट खारफुटीजवळून निघते, उंच जंगलातून चढते आणि एकदम उघड्यावर येते. झाडं खुजी होतात, पायाखाली पांढरी वाळू लागते. खडक वालुकाश्माचा. धो धो पाऊस वाळूतली पोषकद्रव्यं धुऊन नेतो आणि नायट्रोजनचा दुष्काळ पडतो.

इथे राज्य किडे पकडून ही उणीव भरून काढणाऱ्या घटपर्णींचं. त्यांतल्या नेपेंथिस अल्बोमार्जिनाटा या जातीच्या घटाच्या काठाखाली नाजूक पांढऱ्या केसांचं एक कडं असतं. ते वाळवीसाठी मुद्दाम मांडलेलं ताट आहे. एका वाळवीला त्याचा पत्ता लागला की मागोमाग फौज येते, आणि खाण्याच्या रेटारेटीत वाळव्या आत कोसळत राहतात. घट वाळव्यांनी भरतो, केस संपतात. मग तिकडे वाळवी फिरकतही नाही. कासच्या पठारावर सीतेची आसवं आणि दवबिंदू या वनस्पती किडे खाऊन जगतात, तेही जमिनीतल्या याच टंचाईपायी.

बाकोच्या किनाऱ्यावरून खाडीपलीकडे सांतुबोंगचा डोंगर दिसतो. त्याच्या पायथ्याशी १८५५ च्या फेब्रुवारीत, पावसात अडकून पडलेल्या आल्फ्रेड रसेल वॉलेस या निसर्गशास्त्रज्ञानं एक निबंध लिहिला. प्रत्येक नवी जात तिच्या जवळच्या नात्यातल्या जुन्या जातीच्या आसपासच, त्याच प्रदेशात आणि त्याच काळात उगवते, हा त्याचा सारांश. भूशास्त्रज्ञ चार्ल्स लायेल तो वाचून हलला. डार्विनला मात्र त्यात फारसं नवं काही दिसलं नाही. तीन वर्षांनी तर्नाते बेटाहून वॉलेसचं पत्र आलं, त्यात डार्विनचीच नैसर्गिक निवडीची कल्पना होती, तेव्हा डार्विनची झोप उडाली.

इथे बहुतेक लेख ‘उपेक्षित वॉलेस’ या मुक्कामी थांबतात. मला हे थांबणं पटत नाही. वॉलेस आता ‘उपेक्षित’ म्हणूनच पुरेसा प्रसिद्ध झाला आहे. १८५५ मध्ये सारवाकमध्येच त्याच्याकडे कामाला लागलेल्या अली या मलय पोराचं काय? अली आधी स्वयंपाक करायचा. पुढे नेम धरायला शिकला, पक्ष्यांची कातडी सोलून नमुने तयार करू लागला, आणि नंतर आलेल्या नोकरांना तेच शिकवू लागला. वॉलेसनं मलय द्वीपसमूहातून आठ हजारांवर पक्ष्यांचे नमुने आणले. त्यांतला मोठा हिस्सा अलीच्या हातचा असावा, असं अभ्यासक मानतात. १८५८ मध्ये बाचान बेटावर छातीवर झळाळती हिरवी पिसं असलेला एक अनोखा स्वर्गीय पक्षी अलीनंच मारून आणला. लंडनमध्ये त्याचं बारसं झालं ‘सेमिओप्टेरा वॉलेसी’! वॉलेसनं मात्र अलीचं श्रेय लपवलं नाही. आत्मचरित्रात त्याचा फोटोही छापला. विसरलो आपण, त्याच्यानंतरचे.

१९०७ मध्ये तर्नातेला गेलेल्या थॉमस बार्बर या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाला एक म्हातारा भेटला. त्यानं स्वतःची ओळख ‘अली वॉलेस’ अशी करून दिली.

बाकोत आजही पानाआड निपचित पडलेला हिरवा पिट व्हायपर तुम्हा-आम्हाला दिसत नाही. तो स्थानिक वाटाड्याच दाखवतो. म्हणून घरी येऊन टिपण लिहाल, तेव्हा पाहिलेल्या प्राण्यासमोर तो दाखवणाऱ्याचं नावही लिहा.