स्तनाच्या कर्करोगातील मनस्ताप : मापन आणि भाषा

स्तनाच्या कर्करोगात गाठ मोजता येते. स्त्रीचा मनस्ताप मात्र विचारल्याशिवाय कळत नाही. त्यासाठी 'डिस्ट्रेस थर्मामीटर' वापरतात. गेल्या आठवड्यातील त्रासाचा 0 ते 10 मधील अंक रुग्णाने स्वतः दाखवायचा. 4 किंवा अधिक अंक आल्यास पुढील चौकशी करावी, असा संकेत आहे. हे रोगनिदान नव्हे. जीवनमानासाठी 30 प्रश्नांची युरोपीय प्रश्नावली व स्तनकर्करोगाची 23 प्रश्नांची पुरवणी आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने भारतीय स्त्रियांमध्ये केलेली तिची पडताळणी 2005 मध्ये प्रसिद्ध झाली.

खरी अडचण शब्दांची आहे. सिल्वासालगतच्या सामरवरणीत मराठी, गुजराती, वारली, हिंदी सारेच कानी पडते. 'नैराश्य' हा पुस्तकी शब्द. बाई म्हणते, 'जीव घाबरा होतो'. उर्दू बोलणारी 'दिल घबराता है' म्हणेल. ही केवळ हृदयाची तक्रार म्हणून नोंदली गेली, तर मनस्ताप निसटतो. शिवाय प्रश्न मुलगाच वाचून दाखवीत असेल, तर शरीराविषयीच्या प्रश्नांना 'काही नाही' हेच उत्तर मिळणार. घरच्या माणसाला दुभाषा करू नये, ते यासाठीच. अनुवाद पुन्हा मूळ भाषेत उलटवून ताडणे आणि काही रुग्णस्त्रियांना 'यातून काय समजले?' असे विचारणे, हे काम भाषेचे अध्यापक डॉक्टरांसोबत करू शकतात.