तालुक्यातील सर्वश्रेष्ठ शाळकरी खेळाडू कोण?

एखाद्या प्रदेशातील शाळकरी खेळाडूंमध्ये सर्वांत श्रेष्ठ कोण, हा वाद शालेय स्पर्धा जेथे जेथे होतात तेथे तेथे रंगतो. मात्र तो किती काळ टिकतो आणि किती खोल जातो, हे खेळाडूंच्या गुणवत्तेपेक्षाही तेथे ठेवल्या जाणाऱ्या नोंदींवर अधिक अवलंबून असते. अमेरिकेत हा वाद प्रामुख्याने बास्केटबॉलभोवती फिरतो. इंडियाना राज्यात शाळेच्या अखेरच्या वर्षातील सर्वोत्तम बास्केटबॉलपटूला १९३९ पासून ‘मिस्टर बास्केटबॉल’ हा किताब दिला जातो, आणि फिलाडेल्फियाच्या परिसरात विल्ट चेंबरलेन श्रेष्ठ की कोबी ब्रायंट, यावर आजही दोन तट पडतात. १९९६ मध्ये शाळा सोडताना ब्रायंटच्या नावावर २,८८३ गुण होते व चेंबरलेनचा जुना विक्रम त्याने मागे टाकला होता. उलट चेंबरलेनचे समर्थक त्याने १९५५ मध्ये एकाच शालेय सामन्यात केलेल्या ९० गुणांचा दाखला देतात आणि त्याला शाळेकडून तीनच हंगाम मिळाले, ब्रायंटला चार, हेही बजावतात. या वादाचा निकाल लागत नाही. पण दोन्ही तटांच्या हातात कागद असतो.

छत्तीसगडच्या सीमेलगत, इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्यांच्या संगमावर वसलेल्या, गडचिरोली जिल्ह्यातील भामरागडमध्ये बास्केटबॉलचा हा वाद होऊ शकत नाही, कारण त्या खेळाला टणक सपाट जमीन, जमिनीपासून ३.०५ मीटर उंचीवर पक्की बसवलेली कडी आणि नीट उसळणारा चेंडू लागतो. आश्रमशाळेच्या मैदानाला परवडतात ते खो-खो, कबड्डी, व्हॉलीबॉल आणि धावण्या-उड्यांच्या मैदानी स्पर्धा. त्यातही खो-खोला दोन खांब, फक्कीने मारलेल्या रेषा आणि एक शिट्टी एवढ्यावर भागते. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की तालुक्याचा आलापल्लीकडचा रस्ता तुटतो आणि सरावाचे दिवस वाया जातात, त्यामुळे खेळाचा खरा हंगाम पाऊस सरल्यावरच हाती येतो. मुले-मुली निवासी असल्याने, आणि शाळेत पाऊल टाकल्यापासून दहावी-बारावीपर्यंत पुष्कळदा त्याच एका मैदानावर वाढत असल्याने, कोणत्या वर्षी कोण कसे खेळले याची स्मृती शाळेत, वसतिगृहात आणि गावोगाव चांगलीच जिवंत असते. अर्थात ती तोंडी असते.

खो-खोच्या बाबतीत लेखी नोंदींची ही उणीव विशेष खटकते, कारण शाळकरी खेळाडूंची तुलना करण्यासाठी याच्याइतका सोयीचा सांघिक खेळ दुसरा क्वचितच सापडेल. १९१४ च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने या खेळाला नियमांची चौकट दिली. प्रत्येक संघात १२ खेळाडू असतात व त्यांपैकी ९ मैदानात उतरतात. आक्रमण करणाऱ्या संघाचे आठ जण मधल्या पाटीवर आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंडे करून बसतात आणि नववा पाठलाग करतो. पळणारे, म्हणजे संरक्षण करणारे, तिघातिघांच्या तुकडीने आत येतात. पाठलाग करणाऱ्याला एकदा घेतलेली दिशा बदलता येत नाही आणि मधली पाटीही ओलांडता येत नाही. त्याला बाजू बदलायची तर खांबाला वळसा घालावा लागतो, किंवा बसलेल्या साथीदाराला खो देऊन त्याची जागा घ्यावी लागते. पळणाऱ्यावर असे कोणतेही बंधन नसते, म्हणून तो बसलेल्या गड्यांमधून नागमोडी पळत ‘साखळी’ धरतो, हूल देतो, खांबाशी थबकतो आणि वेळ काढतो. डाव ९ मिनिटांचा असतो, लहान गटात ७ मिनिटांचा.

या रचनेमुळे प्रत्येक खेळाडूची कामगिरी दोन आकड्यांत मावते: त्याने किती वेळ संरक्षण केले आणि किती गडी बाद केले. वर्तमानपत्रांतील खो-खोच्या बातम्या याच भाषेत लिहिल्या जातात. नऊ मिनिटांच्या डावात एखाद्या मुलीने एकटीने तीन मिनिटे पळती केली, तर प्रतिस्पर्ध्यांच्या आक्रमणाचा एक तृतीयांश काळ तिने खाल्ला, हे खेळ न पाहिलेल्यालाही कळते. कबड्डीत पकडीचे श्रेय साखळीतल्या कोणाला द्यावे यावर मतभेद होतात आणि व्हॉलीबॉलमध्ये चेंडू उचलून देणाऱ्याचे कौशल्य गुणफलकावर उमटतच नाही. खो-खोत मात्र गुणलेखकाच्या घड्याळातून सहसा कोणी निसटत नाही.

श्रेष्ठ बालखेळाडू कोण, या प्रश्नाला या खेळाने अधिकृत उत्तराचीही सोय करून ठेवली आहे. राष्ट्रीय स्पर्धेत किशोर गटातील, म्हणजे १४ वर्षांखालील, सर्वोत्तम मुलाला ‘भरत’ आणि मुलीला ‘इला’ पुरस्कार मिळतो. १८ वर्षांखालील कुमार गटात मुलासाठी ‘वीर अभिमन्यू’ व मुलीसाठी ‘जानकी’, तर खुल्या गटात ‘एकलव्य’ आणि ‘राणी लक्ष्मीबाई’ असे पुरस्कार आहेत. (चक्रव्यूहात शिरून बाहेर न पडू शकलेल्या अभिमन्यूचे नाव ज्या खेळात निसटून जाणे हेच कौशल्य आहे त्यातील पुरस्काराला द्यावे, ही निवड जरा गमतीचीच म्हणावी लागेल.) मूळची बीड जिल्ह्यातील प्रियांका इंगळे ही किशोर वयात ‘इला’ आणि पुढे ‘राणी लक्ष्मीबाई’ पुरस्काराची मानकरी ठरली, आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात तिच्याच नेतृत्वाखाली भारतीय महिला संघाने अंतिम सामन्यात नेपाळवर ७८-४० असा विजय मिळवला. शाळकरी वयात दिलेला कौल पुढे खरा ठरल्याचे हे ठळक उदाहरण होय.

मग भामरागडच्या मुलाची अडचण कोठे आहे? ती त्याच्या पायांत नसून वाटेत आणि कागदात आहे. आश्रमशाळेतील विद्यार्थ्यापुढे दोन शिड्या असतात. पहिली आदिवासी विकास विभागाची: गडचिरोली जिल्ह्यात या विभागाचे गडचिरोली, अहेरी आणि भामरागड असे तीन प्रकल्प आहेत, प्रकल्पस्तरावर जिंकणारे नागपूरच्या अपर आयुक्तांच्या कक्षेतील विभागीय स्पर्धेला व तेथून राज्यस्तराला जातात. दुसरी क्रीडा विभागाच्या शालेय स्पर्धांची: १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि अखेरीस राष्ट्रीय असे पाच टप्पे. त्यात आणखी एक गुंता आहे. खो-खो संघटनेच्या राष्ट्रीय स्पर्धेत विदर्भाचा संघ स्वतंत्र उतरतो, पण शालेय राष्ट्रीय स्पर्धेत महाराष्ट्राचा एकच संघ जातो. म्हणजे एका वाटेने गेलेल्या मुलाला विदर्भात चमकावे लागते आणि दुसऱ्या वाटेने त्याच मुलाला पुणे, सांगली, ठाणे, धाराशिव येथील वर्षभर सराव करणाऱ्या मंडळांच्या खेळाडूंशी जागेसाठी झगडावे लागते. तेही बहुधा मॅटवर, जेव्हा त्याचे पाय मातीला सरावलेले असतात.

या सगळ्या टप्प्यांवर खेळाडूच्या हाती पडते ते प्रमाणपत्र, आणि सांघिक खेळाच्या प्रमाणपत्रावर संघाचा क्रमांक असतो, खेळाडूची मिनिटे नसतात. शासकीय नोकरीतील खेळाडूंसाठीचे ५ टक्के आरक्षण काय किंवा दहावी-बारावीचे सवलतीचे गुण काय, सारे या प्रमाणपत्रावर ठरत असल्याने कुटुंबे ते जपून ठेवतात, ते योग्यच आहे. परंतु ज्या गुणपत्रकावर कोण किती वेळ पळाले व कोणी कोणाला बाद केले हे लिहिलेले असते, ते तालुका पातळीवर बहुधा निकाल जाहीर होईपर्यंतच जपले जाते. परिणामी, पहिल्याच फेरीत हरलेल्या संघातील सर्वोत्तम खेळाडू आणि विजेत्या संघातील राखीव खेळाडू यांच्यात कागद फरक करतो खरा, पण तो नेमका उलटा.

नोंद असली की वाद किती पुढे जातो, हे मुंबईच्या शालेय क्रिकेटमध्ये दिसते. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शिल्डच्या सामन्यात शारदाश्रमच्या विनोद कांबळी (नाबाद ३४९) आणि सचिन तेंडुलकर (नाबाद ३२६) यांनी ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली. २०१३ मध्ये त्याच स्पर्धेत पृथ्वी शॉने ५४६ धावा काढल्या, आणि जानेवारी २०१६ मध्ये कल्याणच्या प्रणव धनावडेने आंतरशालेय भंडारी चषक सामन्यात नाबाद १००९ धावा करून ए. ई. जे. कॉलिन्सचा १८९९ पासूनचा नाबाद ६२८ धावांचा विक्रम मोडला. केवळ आकडा पाहिला तर धनावडे सर्वांच्या पुढे जातो. पण त्या सामन्यातील प्रतिस्पर्धी संघ दोन डावांत ३१ आणि ५२ धावांत बाद झाला होता, हेही गुणपत्रकच सांगते, आणि त्यामुळे शारदाश्रमच्या जोडीची बाजू घेणाऱ्याला मुद्दा मिळतो. मोठ्या आकड्याचे मोल प्रतिस्पर्ध्याच्या ताकदीवर ठरते, हे सर्वांना मान्य असते. मात्र ती ताकदही लिहून ठेवलेली असावी लागते. भामरागडमधील एखाद्या शाळेने समोरच्या संघाला एका डावाने हरवले एवढेच लक्षात राहिले आणि समोरच्या संघात किती जण पहिल्यांदाच मैदानात उतरले होते हे विसरले गेले, तर त्या विजयावरून कोणाचेही माप काढता येत नाही.

वयाचा प्रश्न याहून नाजूक आहे. कॅनडातील आइस हॉकीपटूंच्या जन्मतारखा तपासून रॉजर बार्न्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये दाखवून दिले, की वयोगटाची गणना ज्या तारखेपासून होते तिच्या लगेच नंतर जन्मलेली मुले वरच्या संघांत प्रमाणाबाहेर अधिक आढळतात, कारण त्या वयात आठ-दहा महिन्यांचे मोठेपण उंचीत आणि ताकदीत स्पष्ट दिसते व प्रशिक्षक त्यालाच गुणवत्ता समजतात. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत या नियमाची गंमत वेगळी होते, कारण शाळेत दाखल होताना जन्माचा दाखला नसला की गुरुजींनी १ जून ही तारीख लिहून टाकण्याची प्रथा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, आणि एकाच वर्गातील अर्धी मुले एकाच दिवशी जन्मलेली निघाली. दवाखान्यातील प्रसूती वाढल्याने आता हे चित्र बदलत आहे. तथापि जुन्या खेळाडूंची तुलना करताना ‘चौदाव्या वर्षीच तो असा खेळत असे’ या वाक्यातील चौदा हा आकडा सैल धरावा हे बरे.

या वादात सर्वांत जास्त दिशाभूल करतो तो मात्र वेगळाच निकष, तो म्हणजे ‘पुढे काय झाले’ हा. शाळेत कोण श्रेष्ठ होते असे विचारल्यावर पुढे नाव मिळवलेल्याचेच नाव घेण्याचा मोह होतो आणि सारा युक्तिवाद उलट्या क्रमाने रचला जातो. तेंडुलकर पुढे तेंडुलकर झाला म्हणून १९८८ च्या त्या सामन्यात तो कांबळीहून सरस होता असे ठरत नाही. त्या डावात धावा कांबळीच्या अधिक होत्या, आणि नंतर गोलंदाजीत ३७ धावांत सहा बळीही त्यानेच घेतले. शाळेतील श्रेष्ठत्व शाळेतच मोजले पाहिजे. भामरागडसारख्या तालुक्यासाठी हा मुद्दा निव्वळ तात्त्विक नाही, कारण तेथील कित्येक उत्तम खेळाडूंचा खेळ दहावीनंतर थांबतो: कोणी शेतीकडे वळतो, कोणी पोलीस भरतीच्या तयारीला लागतो, पुष्कळ मुलींचे लग्न होते. पुढील कारकिर्दीचा निकष लावला तर ही सारी नावे आरंभीच गळतात आणि यादीत उरतात ते केवळ ज्यांना बाहेर पडण्याची वाट मिळाली ते.

अशी वाट मिळाली की काय घडते, याचे उदाहरण शेजारच्याच चंद्रपूर जिल्ह्यात आहे. आदिवासी विकास विभागाच्या ‘मिशन शौर्य’ मोहिमेसाठी बोर्डा, देवाडा व जिवती येथील आश्रमशाळांतून दहा विद्यार्थी निवडले गेले, त्यांना गिर्यारोहणाचे पद्धतशीर शिक्षण दिले गेले, आणि मे २०१८ मध्ये मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कवीदास काटमोडे आणि विकास सोयाम हे पाच जण ८,८४८ मीटर उंचीच्या एव्हरेस्टवर पोहोचले. ज्या मुलांनी तोवर बर्फ पाहिलेला नव्हता त्यांच्यातील ही क्षमता कोणत्याही तालुका स्पर्धेच्या निकालात दिसली नव्हती, दिसणे शक्यही नव्हते. डिसेंबर २०२३ मध्ये त्याच जिल्ह्यात बल्लारपूरजवळच्या विसापूर येथे राष्ट्रीय शालेय मैदानी स्पर्धा झाल्या आणि कृत्रिम धावपट्टी, जी पाहण्यासाठी पूर्वी पुण्याला जावे लागे, ती या वनप्रदेशाच्या उंबरठ्यावर आली. भामरागडहून विसापूरही दूरच आहे, पण पुण्याइतके नाही.

तेव्हा भामरागडमधील आजवरचा सर्वश्रेष्ठ शाळकरी खेळाडू कोण, याचा निवाडा आज करणे योग्य होणार नाही. ज्याचे नाव मोठ्याने घेतले जाते तोच श्रेष्ठ, असा तो निवाडा होईल. पुढील पिढीला मात्र हा वाद नीट घालता यावा, एवढी तजवीज शाळांच्या हातात आहे. येत्या हंगामापासून प्रत्येक क्रीडाशिक्षकाने एक दोनशे पानी वही घालावी. तीत सामन्याची तारीख, दोन्ही शाळा, खेळाडूचे पूर्ण नाव, गाव, इयत्ता, पळतीची मिनिटे-सेकंद आणि बाद केलेले गडी लिहावेत, हरलेल्या संघाचेही लिहावेत, आणि बदली होऊन जाताना ती वही शाळेच्या कपाटात ठेवून जावी.