गवारीच्या दाण्याचें भाग्य

गवारीची भाजी पानांत पडली म्हणजे मुलें नाक मुरडतात, आणि शेंगा जून निघाल्या तर वडील मंडळीही कुरकुर केल्यावांचून राहत नाहींत. परंतु याच शेंगेंतील दाण्यावांचून अमेरिकेंतील कोट्यधीश तेल-कंपन्यांचें कांहीं काळ पाऊल पुढें पडत नव्हतें, असें सांगितल्यास गृहिणींना नवल वाटेल.

टेक्सस, नॉर्थ डाकोटा इत्यादि प्रांतांत भूगर्भांत दोन-तीन किलोमीटर खोल असलेल्या खडकांत तेल व वायु कोंडलेले आहेत. खडक इतके घट्ट कीं तेल आपण होऊन वाहत नाहीं. म्हणून विहीर खणून तींत प्रचंड दाबानें पाणी सोडतात व खडकास भेगा पाडतात. दाब काढतांच भेगा पुन्हां मिटूं पाहतात. त्या उघड्या राहाव्या म्हणून पाण्याबरोबर वाळू धाडावी लागते. अडचण येते ती येथेंच. साध्या पाण्यांत वाळू तळाशीं बसते. कढीला डाळीचें पीठ लावण्यांत जें मर्म आहे, तेंच येथें उपयोगी पडतें: पाण्याला दाटपणा आणावा, म्हणजे वाळू त्यांत तरंगत भेगेच्या टोंकापर्यंत जाते.

१९४७ सालीं कॅन्सस प्रांतांतील ह्यूगोटन येथें हा प्रयोग प्रथम झाला, तेव्हां नेपाम घालून दाट केलेलें पेट्रोल वापरलें होतें. पुढें पाणी व गवार यांची जोडी जमली. दाण्याचें टरफल व अंकुर काढून उरलेल्या भागाचें पीठ केलें म्हणजे ग्वार गम तयार होतो. मॅनोज व गॅलॅक्टोज या शर्करांच्या त्याच्या लांबलचक सांखळ्या पाण्यांत फुगतात. लिटरभर पाण्यास अडीच ते पांच ग्रॅम पीठ पुरतें. त्यांत टांकणखाराचा अंश मिसळला, कीं सांखळ्या एकमेकींस बांधल्या जाऊन पाण्याची जेली बनते. मात्र काम संपल्यावर ही जेली भेगांतच राहिली तर तेलाचीच वाट अडते. म्हणून ती वेळेवर विरघळविणारें परसल्फेट किंवा एन्झाइमही आधींच घातलेलें असतें. दाट होणें जितकें अगत्याचें, तितकेंच वेळ येतांच पातळ होणेंही!

जगांतील सुमारें चार-पंचमांश गवार भारतांत पिकते, व तींतील बहुतेक राजस्थानच्या रेताड, कोरडवाहू जमिनींत. २०११-१२ मध्यें अमेरिकेंतील मागणी इतकी वाढली कीं गवारीचा भाव क्विंटलमागें पंचवीस हजार रुपयांच्या वर गेला. मार्च २०१२ मध्यें सरकारला तिचे वायदे व्यवहार बंद करावे लागले. ते मे २०१३ मध्यें पुन्हां सुरू झाले. परंतु महागाईनें धास्तावलेल्या कंपन्यांनीं निराळी वाट धरली: पाणी दाट न करतां पॉलिअ‍ॅक्रिलामाइडनें तें निसरडें करावें, आणि वाळू प्रवाहाच्या वेगानेंच पुढें रेटावी. पुढें तेलाचा भावही कोसळला, आणि गवारीची तेजी ओसरली. चढ्या भावाच्या आशेवर ज्यांनीं पेरा वाढविला, त्यांच्या पदरीं निराशा आली.

या उद्योगाची दुसरी बाजूही विसरतां येत नाहीं. गवार निरुपद्रवी असली, तरी तिच्या सोबत विहिरींत जाणारीं सर्वच द्रव्यें तशीं नसतात. फ्रान्सनें २०११ मध्येंच या पद्धतीस बंदी केली. आणि कांहीं परिस्थितींत पिण्याच्या पाण्यावर तिचा परिणाम होऊं शकतो, असा निर्वाळा अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनें डिसेंबर २०१६ मध्यें दिला.

गवार मात्र आपल्या जागीं भक्कम आहे. ती थोड्या पावसावर येते, जमिनीस नत्र देते, गुरांस चारा पुरविते, आणि आइस्क्रीमलाही दाटपणा आणते. असें गुणी पीक शेतकऱ्यानें अवश्य घ्यावें. मात्र घरची सारी भिस्त सातां समुद्रांपलीकडील एकाच गिऱ्हाइकावर ठेवूं नये. ज्या दाण्याला तिकडे वेळेवर पातळ व्हावें लागतें, त्याचा भावही तसाच पातळ होतो, हें त्या एका तेजीनें पुरतेपणीं शिकविलें आहे.