विश्लेषण : इलेक्ट्रॉनच्या ‘दरी’त माहिती साठवता येईल? ग्राफीनमधील ‘व्हॅलीट्रॉनिक्स’ काय आहे?

मोबाइलवर बराच वेळ गेम खेळला की फोन हाताला गरम लागतो. चिपमधील अब्जावधी ट्रान्झिस्टरमध्ये विद्युतभाराची ये-जा सुरू असते आणि त्यात खर्च होणारी ऊर्जा उष्णतेच्या रूपात बाहेर पडते. म्हणूनच भाराऐवजी इलेक्ट्रॉनचा दुसरा एखादा गुणधर्म माहितीसाठी वापरता येईल का, याचा शोध शास्त्रज्ञ घेत आहेत. ‘व्हॅली’ म्हणजेच ‘दरी’ हा त्यापैकी एक.

ही दरी कुठे असते?

ग्राफीन म्हणजे कार्बनच्या अणूंचा एकच थर, मधमाशीच्या पोळ्यासारखा षटकोनी. मँचेस्टर विद्यापीठात 2004 मध्ये तो वेगळा करणाऱ्या आंद्रे गाइम आणि कोन्स्टँटिन नोव्होसेलोव्ह यांना 2010 चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. ग्राफीनमधील इलेक्ट्रॉनचा संवेग आणि ऊर्जा यांचा आलेख काढला, तर त्यात सारख्याच खोलीच्या दोन दऱ्या दिसतात. इलेक्ट्रॉन एका दरीत असेल तर ‘0’, दुसरीत असेल तर ‘1’, अशी ही कल्पना आहे.

मग अडचण काय?

दोन्ही दऱ्यांची ऊर्जा सारखीच. त्यामुळे हव्या त्या दरीतील इलेक्ट्रॉन निवडायचे कसे, हा प्रश्न उरतो. इथे ‘स्पिन-ऑर्बिट’ परिणाम कामी येतो. या परिणामामुळे इलेक्ट्रॉनचा स्पिन त्याच्या गतीशी जोडला जातो. अणू जड असेल तर हा परिणाम मोठा असतो. कार्बन हलका असल्याने ग्राफीनमध्ये तो नगण्य आहे.

त्यावर उपाय कोणता?

टंगस्टन डायसेलेनाइडसारख्या पदार्थावर ग्राफीन ठेवले, की जड टंगस्टनचा प्रभाव ग्राफीनवरही पडतो आणि हा परिणाम दहापटींहून अधिक वाढतो. विशेष म्हणजे दोन्ही दऱ्यांमध्ये त्याचे चिन्ह उलट असते. एका दरीत वरच्या दिशेचा स्पिन कमी ऊर्जेचा ठरतो, तर दुसरीत खालच्या दिशेचा. अशा प्रकारे स्पिन आणि दरी यांची सांगड बसते आणि स्पिनच्या मदतीने दरी निवडण्याची वाट मोकळी होते.

ग्राफीनचे दोन थर घेतले तर आणखी सोय होते. विद्युतक्षेत्र लावून इलेक्ट्रॉनना टंगस्टनला लागून असलेल्या थरात ढकलले की परिणाम वाढतो, दूरच्या थरात ढकलले की घटतो. म्हणजे व्होल्टेज हेच त्याचे बटण. 2019 मध्ये प्रयोगातून याला दुजोरा मिळाला.

फोनमध्ये कधी येणार?

लगेच नाही. असे बहुतेक प्रयोग अतिशीत तापमानात होतात. ग्राफीनच्या कडा खडबडीत असतील किंवा जाळीत अणूएवढा दोष असेल, तर इलेक्ट्रॉन एका दरीतून दुसरीत जातो आणि माहिती पुसली जाते. शिवाय मोजलेला संकेत दरीचाच, याची खात्री करणेही कठीण. ग्राफीनमध्ये दऱ्यांचा प्रवाह आढळल्याचा दावा 2014 मध्ये झाला. मात्र, असा संकेत कडेने वाहणाऱ्या साध्या विद्युतप्रवाहामुळेही मिळू शकतो, असे पुढील संशोधनात दिसले. त्यामुळे चिप बनवण्याआधी हा वाद मिटवणे, ही पहिली परीक्षा आहे.