उलटी अक्षरे, सुलट छाप

तांब्याच्या पत्र्यांवर उलटी अक्षरे कोरून छापलेली भगवद्गीता १८०५ साली मिरजेत पुरी झाली. अ. का. प्रियोळकरांनी मुद्रणाच्या इतिहासात ही हकिगत नोंदवली आहे. पुण्यातला इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या पदरी एक तांबट कोरीवकाम शिकला. नाना फडणविसांनी त्याला गीतेच्या कामाला लावले. पुढे नाना गेले, आणि काम मिरजेच्या पटवर्धनांच्या आश्रयाने तडीस गेले.

या छपाईत पत्र्यावर शाई चोळून वरवरची फडक्याने पुसून घेतात. खाचेत तेवढी उरते. दमट कागद ठेवून पत्रा दाबयंत्रातून काढला की कागद खाचेतली शाई ओढून घेतो. अशा ठशावरून बोट फिरवले तर रेघ किंचित उठलेली लागते.

शिळाप्रेसची रीत वेगळी. तेल आणि पाणी एकत्र नांदत नाहीत, एवढ्यावर ती चालते. बव्हेरियात आलोइस झेनेफेल्डरने अठराव्या शतकाच्या अखेरीस ती शोधली. दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचे, दगड ओला करायचा, मग शाईचा रूळ फिरवायचा. शाई चित्रालाच धरते. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये याच रीतीने पंचांग छापले. शाईत चरबी असते म्हणून सोवळेकरी छापील पोथीला हात लावत नसत. त्यावर गणपत कृष्णाजींनी तुपाची शाई केल्याचे सांगतात. यंत्र आणण्यापेक्षा ही युक्तीच मोठी म्हणावी.

याच रीतीने रंगीत चित्रे छापणारी पुण्याची चित्रशाळा १८७८ ची. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला; यंत्रे आणि कारागीर जर्मनीचे. प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागे आणि कागद दर वेळी नेमका त्याच जागी बसवावा लागे. देव्हाऱ्यावरची जुनी लक्ष्मी भिंगातून पाहिली, तर गालावर हाताने टिंबलेले लहानमोठे ठिपके दिसतात. आजच्या ऑफसेट कॅलेंडरवर ते यंत्राने ओळीत मांडलेले असतात.

अनेक दगडांची ही यातायात पॅरिसमध्ये टळली. स्टॅनली विल्यम हेटर यांच्या ‘अतेलिए १७’ या स्टुडिओत मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले कायको मोती आणि आंध्रातले कृष्णा रेड्डी यांनी एकाच पत्र्यावरून अनेक रंग उमटवण्याची पद्धत घडवली. शाई कमीजास्त घट्ट करायची, रूळ कमीजास्त मऊ घ्यायचे. मऊ रूळ खोल भागात उतरतो, कडक रूळ माथ्यावरूनच सरकतो. पातळ शाईवर घट्ट शाई चढत नाही, त्यामुळे रंग एकमेकांत मिसळत नाहीत.

भारतात असे काम पाहायचे तर बडोद्याचा ‘छाप’ स्टुडिओ आहे. ठसाचित्राच्या खाली पेन्सिलीने ५/२० असे लिहिलेले असते: वीस प्रतींतली ही पाचवी. प्रती पुऱ्या झाल्या की बरेच चित्रकार पत्र्यावर आडवी रेघ ओढून तो बाद करतात.