वितळतं ते फक्त प्लॅस्टिक

वेल्डिंग म्हटलं की दोन्ही तुकडे वितळून एकजीव होणार, असा सर्वसाधारण समज. ॲल्युमिनियम आणि नायलॉनच्या घर्षण-जोडणीत (घासण्याच्या उष्णतेने केलेल्या सांध्यात) तसं होत नाही. ॲल्युमिनियम वितळतं ६६० अंश सेल्सिअसला, नायलॉन-६ सुमारे २२० अंशांना.

नायलॉनवर ठेवलेल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर पोलादी दांडा दाबून गरगर फिरवतात. पत्रा तापतो, पण घनच राहतो. उष्णता खाली पोचते आणि नायलॉनचा पातळ थर पाघळतो. कडक तापलेल्या इस्त्रीला नायलॉनची साडी चिकटते, तोच प्रकार; फक्त इथे तो हवाहवासा! पाघळलेलं नायलॉन पत्र्याच्या बारीक खाचांत शिरून थिजतं, शिवाय पत्र्यावरच्या ऑक्साइडच्या थराशी त्याचे रेणू बंध जोडतात.

पॉलिथिनला मात्र असे बंध जोडणं सहज जमत नाही. त्याच्या पृष्ठभागावर आधी विद्युत-प्रक्रिया करावी लागते.