शाईला साजेसा कागद

चित्र काढावयाचे म्हटले की आपले लक्ष प्रथम रंगांकडे जाते. कागदाचा विचार सहसा मागाहून होतो. वस्तुतः कागद ही चित्राची जमीन होय. कपाशीला काळी जमीन मानवते, भाताला पाणी धरून ठेवणारी. त्याचप्रमाणे प्रत्येक शाईला मानवणारा कागद निराळा असतो.

आपल्या जुन्या कारागिरांना हे ठाऊक होते. दौलताबादजवळील कागजीपुरा या गावाच्या नावातच तेथील परंपरागत व्यवसाय दडलेला आहे. हातकागद बनविणारे कारागीर कागदाला खळ लावीत आणि तो वाळल्यावर गुळगुळीत दगडाने घोटीत. खळीमुळे कागदाच्या तंतूंमधील सूक्ष्म छिद्रे भरून निघत. मग बोरूने लिहिलेले अक्षर फुटत नसे. पुढे गांधीजींच्या प्रेरणेने १९४० मध्ये पुण्यात हातकागद संस्था सुरू झाली. तेथेही सुती चिंध्यांपासून कागद बनविताना तो कशासाठी वापरला जाणार, हा प्रश्न महत्त्वाचाच होता.

आज अनेक चित्रकार अल्कोहोलयुक्त मार्कर वापरतात. पोशाखाचे किंवा फर्निचरचे नमुने ग्राहकाला रंगवून दाखविणाऱ्यांनाही ते सोयीचे वाटतात. या मार्करमध्ये रंगद्रव्य अल्कोहोलमध्ये विरघळविलेले असते. अल्कोहोल पाण्यापेक्षा सहज पसरते, तंतूंमध्ये चटकन शिरते आणि थोड्याच वेळात उडून जाते. म्हणून पाण्याच्या शाईला अडविणारा कागद या शाईला अडवीलच असे नाही. शाई ओली असेपर्यंतच शेजारची छटा तीत एकजीव होते. कागदाने शाई चटकन शोषून घेतली, तर छटा मिसळण्यास अवधीच उरत नाही.

आता निरनिराळे कागद पाहू. वहीचा किंवा छायाप्रतीचा कागद सरावाला चालतो. परंतु त्यावर शाई फुटते आणि मागील बाजूस उतरते. जलरंगाचा खरखरीत कागद पुष्कळ शाई पितो व मार्करचे टोकही झिजवितो. चकचकीत फोटो कागदात शाई नीट मुरत नाही, म्हणून ती पुसली जाण्याची भीती असते. खास मार्करसाठीचा कागद बहुधा पातळ असतो. मात्र त्यावरील लेपामुळे शाई आरपार जात नाही. जाड व गुळगुळीत ब्रिस्टल कागद पक्क्या चित्रासाठी उपयुक्त ठरतो.

कागदाच्या वेष्टनावर ‘जीएसएम’ हा आकडा छापलेला असतो. एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधील वजन, असा त्याचा अर्थ. छायाप्रतीचा कागद साधारणतः ७० ते ८० जीएसएमचा असतो. ब्रिस्टल २५० च्या आसपासही मिळतो. परंतु केवळ जाडीवर विसंबू नये. लेप असलेला ७० जीएसएमचा कागद शाई अडवू शकतो आणि लेप नसलेला जाड कागद ती भरपूर पिऊ शकतो.

म्हणून संपूर्ण वही विकत घेण्यापूर्वी शक्य असल्यास एकच ताव घ्यावा व पुढीलप्रमाणे परीक्षा करावी :

१. दोन सेंटिमीटरचा चौकोन आखून आतून रंगवावा. रंग रेषेबाहेर किती पसरला, ते पाहावे.

२. त्यावर दुसरा हात द्यावा. कागदाचे तंतू निघू लागल्यास तो कागद टाळावा.

३. फिकी व गडद छटा शेजारी लावून मिसळून पाहावी.

४. ज्या पेनने बाह्यरेषा काढणार, त्याची रेघ ओढून, वाळू देऊन, वरून मार्कर फिरवावा. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते व चित्र मळते.

५. ताव उलटून मागील बाजू तपासावी.

रंगविताना कागदाखाली एक जाड टाकाऊ पुठ्ठा ठेवावा आणि खोलीत हवा खेळती असावी. या शाईतील बहुतेक रंगद्रव्ये प्रकाशाने फिकी पडतात. म्हणून पूर्ण झालेले चित्र उन्हापासून दूर ठेवावे.

मार्कर महाग असतात. अयोग्य कागद त्यांतील शाई लवकर संपवितो आणि ग्राहकासाठी कित्येक तास खपून केलेला नमुना एका डागाने वाया जातो. स्वस्त कागद अशा वेळी महागच पडतो. साधन आणि आधार यांचा मेळ आधी पारखून घेणे, ही कोणत्याही कारागिराच्या कामाची पहिली पायरी होय.